उलट्या घावाचे मल्लूअण्णा

शहरात नवं हॉटेल उघडलंय. अकरा मजले, सगळीकडे काच, दारात कारंजं. आत शिरलं की डाव्या हाताच्या भिंतीवर एक पितळी फलक आहे. मथळा 'आमचा वारसा'. जुन्या सरोजविलासचा इतिहास त्यावर कोरलाय. संस्थानाच्या काळात गोऱ्या पाहुण्यांसाठी अतिथिगृह म्हणून ते कसं उभं राहिलं, नकाशा कुठल्या साहेबानं काढला, संस्थान विलीन झाल्यावर त्याचं हॉटेल कसं झालं, कोणकोणत्या नट्या, खेळाडू आणि रुसलेले मंत्री तिथे मुक्कामाला राहून गेले, सगळं आहे. मी तो फलक दोनदा वाचला. वॉचमन माझ्याकडे डोळे बारीक करून बघत होता. बरोबरच आहे. याच गेटवर मी वाटलेली पत्रकं त्यानंच रोज झाडून काढली होती.

फलकावर मल्लूअण्णांचं नाव नाही.

ज्यांनी ती इमारत पाडली त्यांच्याच फलकावर, ज्या हातांनी ती मूठभर जास्त वर्षं उभी ठेवली त्यांचं नाव शोधत मी उभी होते, हा माझा मूर्खपणा. तरी संताप आलाच. मला पत्रकं लिहायची सवय आहे. एका पानाच्या आत राग बसवायचा, खाली मागण्या, त्याखाली सह्या. हे पत्रक नव्हे. मागायचं ज्यांच्यासाठी ते अण्णा गेले. नव्या इमारतीचा चौथा मजला चढत होता तेव्हा, नेसरीला, स्वतःच्या घरात. मला चार दिवसांनी कळलं.

मल्लूअण्णा म्हणजे मल्लाप्पा मिस्त्री. दगडाचे मिस्त्री. उंच, काटक, धोतर आणि नेहरू शर्ट, डोक्यावर टोपी, आणि हातात कापडी पिशवी. पिशवीत पाण्याची बाटली, भाकरी, आणि दोरीला बांधलेला पितळेचा ओळंबा, भिंत सरळ आहे का ते बघायचा. काम सोडून किती वर्षं झाली होती, तरी ओळंबा पिशवीत असायचाच. एकदा मी विचारलं, "आता हा कशाला?" तर म्हणाले, "तू चष्मा घरी ठेवून येतीस व्हय?"

आमची गाठ पडली ती सरोजविलासच्या गेटसमोर. हॉटेल कुठल्याशा कंपनीनं विकत घेतलं होतं, आणि पुढचा सगळा दगडी भाग पाडून तिथे टॉवर उठवायचं ठरत होतं. आम्ही सात-आठ जण 'सरोजविलास वाचवा' म्हणून पत्रकं वाटत होतो. कोल्हापुरात पत्रक घ्यायला कुणी नाही म्हणत नाही. घेतात, चार पावलं जातात, आणि त्याच्यात वडा गुंडाळतात. त्या दिवशी एक म्हातारा मात्र पत्रक घेऊन जागेवरच थांबला आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागला. पहिल्या ओळीपासून सह्यांपर्यंत. माझं पत्रक कुणी असं वाचलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. मी मनातून फुलले.

वाचून झालं. त्यांनी घडी घातली.

"कुणी लिवलंय हे?"

"मी."

"चुकलंय."

"काय चुकलंय?"

"दगड विलायतेस्नं बोटीनं आणला म्हणून लिवलंयस. कुणी सांगितलं?"

"एका पुस्तकात आहे."

"पुस्तक लिवणारा बोटीवर व्हता काय?" मग पत्रकाची घडी खिशात घालत म्हणाले, "अगं पोरी, विलायतेस्नं दगडं आणाय आपल्याकडं काय कमी हाईत? निम्मी तर आपुन निवडून देतोय."

आमची सगळी टोळी हसली. मी चिडले. मला हसणाऱ्यांचा नेहमीच राग येतो, त्यात माझ्यावर हसलेल्यांचा जास्त. म्हटलं, "मग तुम्हीच सांगा कुठला दगड ते."

"सांगून काय कळतंय? चल, दावतो."

आणि मला घेऊन ते गेटमधून आत गेले. वॉचमननं त्यांना हात केला, मला अडवलं. अण्णा म्हणाले, "सोड तिला. माझी पावणी हाय." मग पोर्चच्या बाजूला न जाता, भिंतीला धरून वळसा घालून ते मागच्या दारानं आत शिरले. मी विचारलं, समोरून का नाही? म्हणाले, पोर्चमधून पाहुण्यांनी जायचं. ज्या पोर्चवर त्यांनी नऊ वर्षं काम केलं, त्याखालून ते आयुष्यात एकदाही आत गेले नव्हते. मला हे ऐकून इतका राग आला की त्या रागावर मी एक वेगळं पत्रक लिहायला घेतलं होतं. अण्णांना दाखवलं. ते म्हणाले, "मला कुणी अडवल्यालं न्हाय. मीच गेलो न्हाय. ह्यात कुणावर चिडतीयास?" ते पत्रक तिथंच राहिलं.

अण्णा दर सोमवारी नेसरीहून पहिल्या एसटीनं यायचे. कोल्हापुरात त्यांचं दुसरं काहीच काम नसायचं. मुलगा गावाकडे शेती आणि म्हशी बघायचा. सून म्हणायची, "मामांजी सोमवारचं देवाला जात्यात." देव म्हणजे हे हॉटेल. पूर्ण इमारतीला एक फेरी, कुठे दर्जा निघालाय का, म्हणजे दगडांमधल्या सांध्याचा चुना गळालाय का ते बघायचं, कुठे गवताचं पातं उगवलं असेल तर मुळासकट उपटायचं, आणि पेन्शनीतल्या डॉक्टरनं पेशंटचा हात धरावा तसा भिंतीवर तळवा ठेवून उभं राहायचं. कुणी विचारलं तर, "तब्येत बघाय आलोय."

त्या सोमवारांनी मला ती इमारत वाचायला शिकवली. कॉलेजमध्ये जे शिकले ते वेगळं. पोर्चला तीन कमानी, मधली सगळ्यात उंच. गाईड सांगायचे, हौद्यासकट हत्ती आत यावा म्हणून एवढी उंची. अण्णा म्हणायचे, "हत्ती एकदाच आल्ता. माझा अज्जा बघत व्हता. पायरी बघितली, थांबला, आन् मागं फिरला. उंची हत्तीसाठी न्हाय, वाऱ्यासाठी हाय." व्हरांडे खोल कशासाठी, तर आपल्याकडचा पाऊस तिरका येतो आणि साहेबाला बाहेर बसून चहा प्यायचा असतो. गच्चीच्या कोपऱ्यावरच्या घुमट्या दिसायला सारख्या, पण एक पोकळ आहे, तिच्यातून खालच्या नाचाच्या दिवाणखान्यातली गरम हवा वर निघून जाते. त्या दिवाणखान्यात आधी गोरे नाचले, मग लग्नाच्या पंगती उठल्या. दोन्ही बाजूंनी चढत जाणारा सागवानी जिना, रंगीत काचांच्या खिडक्या, हे सगळे बघत. अण्णा त्या जिन्याकडे ढुंकून बघत नसत. "सुताराचं काम. चांगलंच आसंल."

'सुंदर' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. फार आवडलं तर म्हणायचे, "वळणात हाय." कमान वळणात असायची, भाकरी वळणात असायची, एखाद्या माणसाचं बोलणं वळणात असायचं. माझं नसायचं. माझी पत्रकं ते न चुकता वाचायचे आणि न चुकता तेच सांगायचे, "पोरी, तुझ्या लिवण्याला ओळंबा न्हाय. समदं एका अंगाला कललंय."

"अण्णा, अन्यायाविरुद्ध लिहिताना सरळ उभं राहून चालत नाही."

"मग पडशील की."

त्यांच्याबद्दल त्या हॉटेलात एक गोष्ट सगळे सांगत. जुने वाढपी, माळी, अगदी तो वॉचमनसुद्धा. इमारतीच्या समोरच्या भिंतीत पिंपळ घुसला होता. मुळ्यांनी दगड उलून निघाले, मधल्या कमानीत बोट जाईल एवढी भेग. तेव्हाचे मालक, ज्यांना अण्णा थोरले मालक म्हणायचे, त्यांना सगळ्यांनी सांगितलं, पाडा आणि सिमेंटचं बांधा. त्यांनी अण्णांना बोलावलं. अण्णा म्हणाले, एकेक दगड काढून बदलतो, पण घाई करायची नाही आणि हॉटेल बंद करायचं नाही. नऊ वर्षं लागली. पाहुणे परांचीखालून आत जायचे.

त्यात एकदा शूटिंगसाठी एक नटी आली. मोठी. नाव घेतलं तर आजही म्हातारे सावरून बसतील. तिची गाडी पोर्चसमोर आली, तर अण्णा मध्ये उभे. वर कमानीत ओला चुना, दगड नुकता बसवलेला. गाडीच्या हादऱ्यानं सरकला असता. मॅनेजर धावत आला. "मल्लाप्पा, बाजूला हो, बाई आल्यात!" अण्णा म्हणाले, "बाई थांबत्याल. चुना थांबत न्हाय." मॅनेजर ओरडला. अण्णा हलले नाहीत. शेवटी ती नटीच काच खाली करून म्हणाली, किती वेळ? अण्णांनी वर बघितलं. "अर्धा तास." तर ती उतरली, चपला हातात घेतल्या, चालत येऊन उपड्या घमेल्यावर बसली आणि मजुरांच्या किटलीतला चहा प्यायली. जाताना वर बघून म्हणाली, छान झालंय.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, अजून व्हायचं हाय."

हे सांगताना अण्णा हसत नसत. दुसऱ्यांनी सांगितलं की मात्र मान खाली घालून ऐकायचे, आणि चुकलेलं दुरुस्त करायचे. चपला हातात न्हवत्या, पायातच व्हत्या.

आता त्या छिन्नीच्या उलट्या घावांबद्दल. ज्याच्यासाठी हे सगळं लिहितेय ते हेच आहे, आणि जे बिघडलं तेही इथंच.

एका सोमवारी, सकाळच्या उन्हात, अण्णांनी माझा हात धरून भिंतीवर ठेवला. "फिरीव." मी फिरवला. काळा घडीव दगड, त्यावर छिन्नीच्या बारीक तिरक्या रेघा. "आता हिकडं." बाजूच्या दगडावर ठेवला. मला काहीच कळलं नाही. "डोळं मीट." डोळे मिटून पुन्हा फिरवला तेव्हा कळलं. पहिल्या दगडावर रेघा उजवीकडे उतरत होत्या, दुसऱ्यावर डावीकडे.

मूळची इमारत बांधली तेव्हा त्यांचे आजोबा, त्यांच्या भाषेत अज्जा, त्या कामावर पाथरवट होते. तेव्हाचे सगळे घाव उजवीकडे उतरते. अण्णांनी नऊ वर्षांत जेवढे दगड बदलले, तेवढ्यांवर घाव मुद्दाम उलटे घातले. दगड त्याच खाणीचा, माप तेच, चुना तसाच. लांबून बघितलं तर ब्रह्मदेवालाही ओळखू यायचं नाही. सकाळचं किंवा संध्याकाळचं ऊन आडवं पडलं तरच फरक दिसायचा, नाहीतर हाताला.

"कशासाठी पण?"

"उद्या कुणीतर दुसरा मिस्त्री येईल की. त्येला कळाय पायजे, मूळचं कुटलं आन् माझं कुटलं. अज्जाच्या कामावर माझा हात हाय म्हणून सांगाय नको? न्हायतर चोरीच की ती."

थोरल्या मालकांनाही हे माहीत नव्हतं. नऊ वर्षं हा माणूस त्यांच्या डोळ्यांदेखत भिंतीवर खरं लिहीत होता आणि कुणी वाचत नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि पत्रकं लिहिणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं की काय होतं? तो छापतो.

मी छापलं. 'दगडावरचा प्रामाणिकपणा' असा मथळा. अण्णांचं पूर्ण नाव, गाव, अज्जाची गोष्ट, उलटे घाव, ते कसे ओळखायचे, कोणत्या उन्हात बघायचे, सगळं. पाच हजार प्रती. कुणाला न विचारता. पुढच्या सोमवारी अण्णांच्या हातात दिलं. ते तिथंच पायरीवर बसून वाचत राहिले. बोट त्यांच्या नावावर आलं तेव्हा थांबलं. बराच वेळ थांबलं.

"छापलंस व्हय?"

"राग आला?"

"राग कशाचा. कळू दे की लोकास्नी." मग आणखी एक प्रत मागून घेतली, सुनेसाठी. आणि स्वतःची प्रत दुधाच्या पिशवीत घालून, घडी करून, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. त्या दिवशी ते पत्रकाला ओळंबा नाही असं म्हणाले नाहीत. मला वाटलं मी जिंकले.

आमचं पत्रक आमच्या माणसांनी वाचलं की नाही मला माहीत नाही. कंपनीच्या सल्लागारानं नीट वाचलं.

समोरचा भाग जपायचा की पाडू द्यायचा हे ठरवायला पाच जणांची समिती बसली होती. प्रश्न एकच होता. दर्शनी भाग मूळचा आहे का? मूळचा असेल तर हात लावता येणार नाही. तोवर समितीनं तो मूळचाच धरला होता. सुनावणीच्या दिवशी सल्लागार उभा राहिला. तरुण, नम्र, इस्त्रीचा शर्ट. त्याच्याकडे फोटोंची चळत होती. सकाळच्या आडव्या उन्हात काढलेले फोटो. डाव्या घावाच्या प्रत्येक दगडाभोवती लाल वर्तुळ. आधी त्यानं माझ्या पत्रकातला परिच्छेद वाचून दाखवला. चांगला वाचला. मग म्हणाला, "हे माझं म्हणणं नाही. विरोधकांचंच आहे."

त्याआधी तासभर, बाहेरच्या चहाच्या गाड्यावर, मी अण्णांना पढवलं होतं. मला उडत उडत कळलं होतं काय येणार ते. म्हटलं, "अण्णा, एवढंच म्हणा, दोन-चार दगड बदलले. बाकीचं आठवत नाही म्हणा. वय झालंय तुमचं, कुणी काही म्हणणार नाही."

"दोन-चार?"

"हो. दोन-चार."

त्यांनी बशीतला चहा फुंकला. "बगू."

अध्यक्ष एक बाई होत्या. आवाज चांगला होता, हे मी आजही सांगेन. म्हणाल्या, "आजोबा, हे फोटो बघा. यातले दगड तुम्ही घडवलेत?"

अण्णांनी टोपी सारखी केली. फोटो हातात घेतले, चष्मा पुसला, आणि एकेक बघायला लागले. सभागृहात पंख्याचा आवाज. मी मनात म्हणत होते, आठवत नाही म्हणा. फोटोत कळत नाही म्हणा. एवढंच म्हणा.

अण्णांनी एक फोटो बाजूला काढला.

"ह्यो माझा न्हाय. ह्यो अज्जाच्या येळचा. सावली पडलीया म्हणून उलटा दिसतोय." मग चळत टेबलावर ठेवली. "बाकीची समदी माझी. आनि बाई, उजव्या खांबाची तुमी सोडल्याली दिसत्यात. ती बी माझीच हाईत."

सल्लागारानं पेन काढलं आणि लिहून घेतलं.

"म्हणजे दर्शनी भाग बहुतेक नव्यानं बांधलेला आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"बांधल्याला न्हाय. बदलल्याला. एकेक."

"फरक काय आजोबा?"

अण्णांनी विचार केला. खरंच केला, उत्तर माहीत नसल्यासारखा. "पाया त्योच. माप त्येच. खाण तीच. फकस्त हात दुसरा."

हे वाक्य कारकुनानं लिहून घेतलं नाही. मी बघत होते. त्यानं लिहिलं, दर्शनी भाग मूळचा नाही, संबंधित कारागिराची कबुली. कबुली! जशी काही भिंत फोडताना पकडला होता म्हाताऱ्याला. मी उठून ओरडले. दगडी इमारत दुरुस्त करूनच जगते, तुमच्या घरची कौलं बदलली म्हणून घर परक्याचं होतं का, असलं बरंच काही. मला खाली बसायला सांगितलं. मग बाहेर जायला सांगितलं.

जिन्यात मी अण्णांना गाठलं. तिथे मी जे बोलले ते गाळणार होते, पण दुसऱ्यांचं उघडं पाडते तर माझंही पाडायला हवं. म्हटलं, "तुमच्या खरेपणाची हौस फिटली. आता इमारत जाणार. एक वाक्य खोटं बोलला असता तर काय झालं असतं?"

अण्णा कठड्याला धरून उभे होते. एका पायरीवर ते, दोन पायऱ्या वर मी.

"अगं, खोटं बोलायचं असतं तर घाव उलटा मारला असता व्हय मी?"

मी त्यांना ओलांडून जिना उतरले. निघून गेले. हे कुणी छापलं, कुणी पाच हजार प्रती वाटल्या, ते अण्णा एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला भांडता आलं असतं.

पुढे किती सोमवार गेले, मी गेटवर गेले नाही. निकाल लागला. समोरच्या भागाला संरक्षण नाही. आम्ही अर्ज केले, धरणं धरलं, पत्रकं काढली. त्यातल्या एकातही अण्णांचं नाव घातलं नाही. घाबरून. वॉचमन म्हणाला, म्हातारा येतो अजून, फेरी मारतो, पण आता भिंतीला हात लावत नाही.

उन्हाळ्यात पाडायला सुरुवात झाली. कळल्याबरोबर आम्ही दहा-बाराजण फलक घेऊन पोहोचलो. भोवती पत्रे ठोकलेले, गेटपाशी तेवढी फट. आतलं सगळं दिसत होतं. घुमट्या गेल्या होत्या. मशीननं डावा खांब धडका देऊन अर्धा पाडलेला, आणि मधली कमान एका खांद्यावर लोंबकळल्यासारखी उभी. मशीनला तिथून पुढे सरकायला जागा नव्हती, म्हणून ठेकेदारानं पोरांना पहारी देऊन खाली पाठवलं होतं. विजापूरकडची पोरं, अठरा-वीस वर्षांची, पायात स्लिपर. कमानीखाली उभी राहून वरच्या दगडाला पहार घालत होती.

आम्ही घोषणा द्यायला लागलो. माझा आवाज मोठा आहे, त्याचा मला अभिमान होता. तेव्हाच आतल्या धुळीत टोपी दिसली.

अण्णा कधी आत गेले, कुणी सोडलं, माहीत नाही. सोमवार होता एवढं खरं. ते दोन्ही हात वर करून त्या पोरांसमोर उभे होते आणि कानडीत ओरडत होते, "निल्लु तम्मा, निल्लु!" पोरं थांबली. ठेकेदार आला. "ओ पावणं, कोण तुम्ही? बाहेर व्हा."

"कमान अशी पाडत्यात व्हय?" अण्णा म्हणाले. "मधला दगड हलला की समदं खाली. चार मरत्याल तुमची."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"बांदलीया मी."

ठेकेदारानं वर कमानीकडे बघितलं. पोरांनी पहारी खाली ठेवल्याच होत्या, त्या उचलायला कुणी तयार होईना. मग अण्णांनी लाकूड मागितलं. हॉटेलच्याच दरवाज्यांच्या चौकटी पडल्या होत्या, त्या आणायला लावल्या. कमानीखाली तिच्या वळणाचा लाकडी आधार उभा करायला दुपार झाली. बांधताना जसा करतात तसाच. मग ते त्या आधाराच्या बरोबर खाली, कमानीच्या मध्यभागी जाऊन उभे राहिले, पिशवीतून ओळंबा काढून सोडला, आणि वर बघत एकेका पोराला नावानं हाक मारायला लागले. एवढ्या वेळात नावं विचारून झाली होती.

आमच्या घोषणा चालूच होत्या. मला दुसरं काय करायचं ते माहीत नव्हतं. ही इमारत आमच्या बापाची, असं काहीतरी मी ओरडत होते. अण्णांनी मान वळवली. फटीतून थेट माझ्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा.

"ए पोरी," ते ओरडले, "जरा थांबीव ते. मी काय म्हणतोय, पोरास्नी ऐकाय यीना."

मी हात वर केला. सगळे गप्प झाले.

त्यानंतर तिथे एकच आवाज होता. "परशा, डावीकडनं. हळू. आधी पाय काढ. हां. आता सोड. बसू, तू बस. पाणी पी जा." एक दगड दोरावरून खाली यायचा. अण्णा बाजूला सरायचे, दगड टेकला की पुन्हा मध्यभागी. "दुसरा." रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघत होती. आमच्यातल्या एकानं फलक खाली ठेवला, मग दुसऱ्यानं. कमान जशी चढली होती तशी, उलट्या क्रमानं, उतरत होती.

ऊन कललं तेव्हा शेवटचा दगड खाली आला. पोरं सावलीला जाऊन बसली. अण्णांनी टँकरच्या नळाखाली हात धुतले, तोंड धुतलं, टोपी झटकली, ती तरी धुळीनं पांढरीच राहिली, आणि पिशवी घेऊन बाहेर आले. मी गेटपाशीच होते. किती दिवस जुळवलेलं सगळं बोलणं तयार होतं.

"अण्णा..."

ते थांबले. मागे वळून त्या पोरांकडे बघितलं, ओठ हलवत, मोजल्यासारखं.

"कुणाला लागलं न्हाय," ते म्हणाले, आणि नेसरीची एसटी गाठायला स्टँडच्या दिशेनं भराभर चालायला लागले.